हद्दवाढीच्या आधी प्राधिकरणाकडे बघा

उद्योजकांनी जोर लावला की कोल्हापूर शहराची हद्दवाढ मार्गी लागेल असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. महापालिका झाली १९७२ ला, हद्द मात्र दशकानुदशकं तीच राहिली. शिरोली काय आणि गोकुळ शिरगाव काय, दोन्ही एमआयडीसी हद्दीबाहेरच. कारखानदार राहायला शहरात, घरफाळा भरतो महापालिकेला, पण कारखान्याचा रस्ता नि गटार दुसऱ्याच्या अखत्यारीत. मग तो जोर लावणार कुणाकडे?

मी शिरोलीत फौंड्रीत कामाला आहे. २०१९ च्या पुरात सांगली फाट्यावर पाणी चढलं, हायवे बंद. भट्टी थंड पडली. कास्टिंग भरलेला ट्रक गेटातच उभा, आणि घरी जाता येईना म्हणून आमची पोरं पॅटर्नशॉपमध्ये पोती अंथरून झोपलेली. पाण्यानं हद्द बघितली नाही. २०१७ ला शहराभोवतालच्या ४२ गावांच्या नियोजनासाठी प्राधिकरण झालंय ना, मग हायवेचा भराव आणि ओढ्यांच्या वाटा हा विषय घेऊन उद्योजकांच्या संघटना, महापालिका आणि सरपंच तिथंच एकत्र बसवा. हद्दवाढीला विरोध करणारी गावंसुद्धा या विषयाला नाही म्हणणार नाहीत, कारण पाणी त्यांच्याही शिवारात शिरतं.