लेकरू बालवाडीत कधी घालावं, पहिलीत कधी?

शाळा जूनला उघडतात, पण लेकराला कुठं आणि कधी घालायचं यावरून घराघरात दिवाळीपासूनच खल सुरू होतो. रोज लहान लेकरांत वावरणाऱ्यांनी लिहावं: वय कसं मोजायचं, तयारी कशावरून ओळखायची, कुठं फसतं. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ एवढं सोडून काहीही चालेल.

मुख्याध्यापक, जि. प. प्राथमिक शाळा, लातूर जिल्हा

आधी तारखेचं बघू, निम्मा घोळ तिथंच होतो. आपल्या राज्यात, प्रवेशाच्या वर्षी 31 डिसेंबरला 3 वर्षं पूर्ण होत असतील तर नर्सरी, 6 होत असतील तर पहिली. आता मांडा हिशोब. 20 डिसेंबर 2020 चं लेकरू जून 2026 ला पहिलीत चालतं, पण बाकावर बसताना ते साडेपाचचंच असतं. त्याच्याच शेजारी जानेवारी 2020 चं बसतं. वर्गात ‘हे हुशार, ते ढ’ असं जे म्हणतात, त्यातलं बरंचसं या अकरा महिन्यांचं असतं. नर्सरीत तर आणखी अवघड, डिसेंबरचं लेकरू अडीच वर्षांचं येतं.

ही कमीत कमी वयाची अट आहे. त्याच वर्षी घातलं पाहिजे असं ती म्हणत नाही. जन्म ऑक्टोबर ते डिसेंबरमधला असेल आणि लेकरू कच्चं वाटत असेल, तर एक वर्ष खुशाल थांबा. फक्त आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत अर्ज करायचा असेल तर तिथं वरचीही वयोमर्यादा असते, त्या वर्षीचा तक्ता आधी बघा.

जन्मदाखला आणि आधार, दोन्हीकडं एकच तारीख हवी. पूर्वी गुरुजी सरसकट 1 जून लावायचे, अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी! आता ते चालत नाही. दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि प्रवेशासाठी लेकराची किंवा आईबापाची परीक्षा घेता येत नाही. दोन्ही गोष्टी 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहेत.

अंगणवाडी सेविका, परभणी जिल्हा

सरांनी वय सांगितलं, मी चड्डीपासून सुरू करते. लघवी-संडास लागली की सांगता येतं का, आणि चड्डी स्वतः खाली-वर करता येते का? बटण, चेन, बेल्टवाली पँट घालून पाठवता अन् लेकरू तिच्याशी झटेस्तोवर ओलं होतं. मग ते लाजतं, दुसऱ्या दिवशी यायला नको म्हणतं. इलास्टिकची चड्डी घाला, पिशवीत एक जास्तीची ठेवा. घरी कमोड असेल तर महिनाभर आधीपासून उकिडवं बसायची सवय लावा. नाहीतर लेकरं दिवसभर दाबून धरतात आणि घरी जाऊन पोट दुखतं म्हणतात.

डबा घरीच त्याच्या हातात देऊन बघा. स्टीलचं घट्ट झाकण तीन वर्षांच्या बोटांना निघत नाही. दोन बाजूंनी खटक्याचा डबा बरा. पाण्याच्या बाटलीचंही तेच, आपल्याकडच्या उन्हात पाणी पोटात गेलं पाहिजे. अर्धी पोळी पुरे. भरलेला डबा परत आला की लेकरांच्या आया बाईंना बोलतात, पण डबा मोठ्या माणसाच्या मापाचा भरलेला असतो.

नर्सरी शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर

पहिल्या आठवड्यात एक तास, दुसऱ्यात दोन, मग पूर्ण वेळ. लेकराची नजर चुकवून पळ काढू नका. त्यानं ते घरीही आईचा पदर सोडत नाही, ती कधी गायब होईल याचा नेम नाही ना! ‘खाऊच्या सुट्टीनंतर आजी येईल’ असं सांगा, हात हलवा, निघा. दारात थांबून डोकावलं की रडणं लांबतं. बहुतेक लेकरं तीनेक आठवड्यांत रुळतात. महिना उलटला, तरी घशाला कोरड पडेस्तोवर रडत असेल, खात-खेळत नसेल, तर काढून घ्या आणि सहा महिन्यांनी परत बघा.

लिहायची घाई हा खरा रोग. तीनला गोल, चारला अधिकचं चिन्ह, साडेचारच्या पुढं चौकोन, पाचला त्रिकोण, साधारण या क्रमानं हात तयार होतो. मनगटातली हाडंच त्या वयात पूर्ण बनलेली नसतात. त्रिकोण येत नसलेल्या हाताकडून ‘क’ गिरवून घेतला तर पेन्सिल मुठीत धरायची सवय लागते, आणि ती पुढं मोडत नाही. त्यापेक्षा कणीक मळू द्या, शेंगा सोलू द्या. लातूर पॅटर्न अकरावी-बारावीचा आहे हो, नर्सरीचा नाही.

बालरोगतज्ज्ञ, नांदेड

तिसऱ्या वर्षी तीन-चार शब्दांचं वाक्य हवं आणि परक्या माणसाला निम्म्याहून जास्त कळलं पाहिजे. तसं नसेल तर ‘शाळेत गेलं की बोलेल’ म्हणून ढकलू नका, आधी कान तपासा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका. तीन ते पाच वयाला दुपारची धरून 10 ते 13 तास झोप लागते. सकाळी साडेसहाला उठवायचं तर रात्री साडेआठला आडवं करावं लागेल. मालिका बघून साडेदहाला झोपणारं लेकरू वर्गात चिडचिड करणारच.

पहिलीच्या वर्गशिक्षिका, हिंगोली जिल्हा

तांड्यावरचं लेकरू गप्प बसलं म्हणून कच्चं समजू नये. ‘पाणी पिऊन ये आणि ग्लास जागेवर ठेव’ ही दोन पायऱ्यांची सूचना त्याच्या आईकडून गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, द्यायला लावा. घरी उर्दू असेल तर उर्दूत. तिथं जमलं तर लेकरू तयार आहे, मराठी दिवाळीपर्यंत येते.

शिक्षक, बीड जिल्हा

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा हिशोब निराळा. जूनला नाव घातलं आणि दसरा-दिवाळीला बिऱ्हाड हललं, की पहिलीचं अर्धं वर्ष गेलं. आईबाप तोडीला गेल्यावर लेकरांना गावातच ठेवणारं हंगामी वसतिगृह शाळेच्या पटावरच्या लेकरांसाठी असतं, म्हणून पाच वर्षांचंच पहिलीत रेटायचा मोह होतो. तसं करू नका. मागं आजी राहणार असेल तर पहिलीच्या आधीचं वर्ष तरी लेकरू गावातच अंगणवाडीत ठेवा. सोबत न्यावंच लागलं तर निघण्याआधी सेविकाताईंना सांगून जा, कारखान्याजवळच्या अंगणवाडीत नोंद करता येते. शाळेतलं असेल तर शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, ते दाखवून तिकडच्या शाळेत बसता येतं. पहिलीत येणाऱ्या लेकरांच्या शाळापूर्व तयारीचा ‘पहिले पाऊल’ मेळावा एप्रिलमध्ये असतो, तोपर्यंत टोळी परतली नसेल, तर जूनचा मेळावा असतोच, त्याला तरी लेकराला आणा.