मदत हवी आहे: इंग्रजी वाक्य अर्धवट कुठे राहतं तेच कळत नाही

नमस्कार. कामासाठी रोज इंग्रजीत रिपोर्ट लिहावे लागतात. शब्द अडत नाहीत, काळही बहुतेक वेळा जमतात, पण तपासणारे वरिष्ठ दर वेळी समासात एकच शेरा मारतात: फ्रॅगमेंट. म्हणजे अपूर्ण वाक्य, एवढं ठाऊक आहे. पण वाचताना मला ते अपूर्ण वाटतच नाही, हीच अडचण आहे. परवाची ही बघा:

'द वर्क स्टॉप्ड ॲट नून. बिकॉज द पंप फेल्ड.'
'द टीम वेटिंग फॉर अ न्यू पार्ट.'
'वी चेंज्ड द व्हॉल्व्ह. व्हिच सॉल्व्ह्ड द प्रॉब्लेम.'

बिकॉजच्या वाक्यात कर्ता आहे, क्रियापद आहे, मग चुकलं काय? हल्ली मुद्दाम लांब वाक्यं लिहितो, तरी शेरा येतोच. आणि बिकॉजने वाक्य सुरूच करू नये असं शाळेत सांगितलं होतं, ते खरं का? जाणकारांनी समजावून सांगावं, मनापासून शिकायचं आहे.

प्रतिसाद १
लांबीचा इथे काही संबंध नाही. 'ही लेफ्ट' हे दोन शब्दांचं पूर्ण वाक्य आहे, आणि वीस शब्द लिहूनही वाक्य अर्धं राहू शकतं.

तुम्हाला खटकत नाही, कारण मराठीत ते खटकण्यासारखं नाहीच. 'काम बंद पडलं. कारण पंप बिघडला.' असं आपण सगळेच लिहितो. आपल्या 'कारण'आधी पूर्णविराम चालून जातो. इंग्रजी बिकॉज मात्र पुढच्या वाक्याला गौण करून टाकतं. ते 'बिघडल्यामुळे'च्या जवळचं आहे. 'काम बंद पडलं. पंप बिघडल्यामुळे.' आता दुसरा तुकडा लोंबकळतोय ना? ऑल्दो, व्हेन, इफ, अनटिल यांचंही असंच. तिथला पूर्णविराम काढला की झालं. बिकॉजने सुरुवात खुशाल करा, फक्त पुढे मुख्य वाक्य येऊ द्या: 'बिकॉज द पंप फेल्ड, द वर्क स्टॉप्ड ॲट नून.'

'वेटिंग' एकट्याने क्रियापदाचं काम करत नाही. 'टीम नव्या पार्टची वाट बघत' एवढंच म्हणून थांबून बघा, कान 'होती' मागतो. तो 'होती' म्हणजे इथे 'वॉज'. व्हिचचा तुकडा आधीच्या वाक्याला स्वल्पविरामाने जोडा, नाहीतर व्हिचच्या जागी 'दिस' लिहा.

प्रतिसाद २
शंका आली की वाक्याआधी 'आय बिलीव्ह दॅट' लावून वाचा. 'आय बिलीव्ह दॅट द पंप फेल्ड' नीट बसतं. 'आय बिलीव्ह दॅट बिकॉज द पंप फेल्ड' म्हटलं की पुढे काय, असं विचारावंसं वाटतं. प्रश्नाला आणि आज्ञेला ही कसोटी लावू नका. 'स्टॉप द पंप' पूर्णच आहे, त्यात 'यू' गृहीत असतो.

आणि रिपोर्ट शेवटच्या वाक्यापासून उलटा वाचत या. आधीच्या वाक्याचा आधार सुटला की तुकडा लगेच उघडा पडतो. महत्त्वाचा मेल मी अजूनही असाच तपासतो.

धागाकर्ता
खूप आभार. कालचा रिपोर्ट उलटा वाचला, चार तुकडे सापडले. तीन बिकॉजचे! चौथा असा: 'वी फाउंड सेव्हरल फॉल्ट्स. सच ॲज ऑइल लीक्स अँड लूज बोल्ट्स.' पूर्णविराम काढून स्वल्पविराम दिला. बरोबर ना?

प्रतिसाद १
अगदी बरोबर. 'फॉर एक्झाम्पल' लिहून पुढे नुसती नावं आली, तर तीही अशीच आधीच्या वाक्याला जोडा.