मधला स्टँड नसलेली गाडी घरी सरळ कशी उभी करावी?

उदगीरकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पल्सर एनएस २०० आहे आणि या गाडीला मधला स्टँड नसतो, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक असेलच. चेन धुणे, तिला तेल देणे, मागचे चाक काढून पंक्चरवाल्याकडे नेणे एवढी कामे मला घरीच करायची आहेत. शिवाय नोकरी पुण्यात असल्यामुळे पावसाळ्याच्या तोंडापासून दिवाळीपर्यंत गाडी उदगीरला, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्येच राहते. शेडच्या निम्म्या भागात शहाबादी फरशी आहे आणि उरलेल्या भागात नुसता मुरूम चोपलेला आहे. साइड स्टँडवर ठेवली की पावसाळ्यात त्याचा पाय मुरमात रुततो आणि गाडी डावीकडे अधिकाधिक कलत जाते. गावातला वेल्डिंगवाला चेसिसला पट्ट्या जोडून मधला स्टँड बसवून देतो म्हणतो. त्याचे ऐकावे, की पॅडॉक स्टँड, म्हणजे दांडा दाबून गाडीचे एक चाक जमिनीवरून उचलून धरणारा सुटा स्टँड, घ्यावा? एकाच वस्तूत दोन्ही कामे भागली तर उत्तम.

वाळूजचा फिटर

चेसिसवर वेल्डिंग मुळीच करू देऊ नका. वेल्डच्या आसपासचा भाग तापून कमजोर होतो, आणि गाडी फ्युएल इंजेक्शनवाली असेल तर बॅटरी जोडलेली असताना वेल्डिंग केल्यास ईसीयूलाही, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यालाही, धोका पोहोचतो. दुसरे असे की या गाडीचा सायलेन्सर इंजिनाच्या पोटाखाली आहे. मधला स्टँड मावण्याची जागाच त्याने व्यापली आहे, आणि त्याच कारणाने मोटारीचा जॅक खालून लावून गाडी उचलण्याचा विचारही सोडून द्यावा, कारण सगळे वजन सायलेन्सरवर येईल.

चेन आणि मागच्या चाकाच्या कामांसाठी मागचा पॅडॉक स्टँड हेच योग्य साधन आहे. मागच्या चिमट्याला, म्हणजे स्विंगआर्मला, बॉबिन, म्हणजे स्टँडला अडकणारे छोटे गोल खुंटे, बसवण्यासाठी आटे पाडलेली भोके आहेत का ते आधी पाहावे. असतील तर आट्याच्या मापाचे बॉबिन घ्यावेत, नसतील तर रबर लावलेले एल आकाराचे टेकू असलेला स्टँड घ्यावा. बॉबिनवर गाडी अधिक भरवशाने बसते, कारण ते स्टँडच्या खाचेत अडकतात. एल टेकूवर चिमटा नुसता टेकलेला असतो आणि तेलकट हात लागलेले रबर घसरू शकते.

उचलताना गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि समोरचा ब्रेक दाबून, जुन्या ट्यूबची रुंद पट्टी कापून तिने लिव्हर हँडलच्या मुठीला घट्ट बांधून टाकावा. समोरचे चाक पुढे सरकले नाही तर निम्मे काम झाले समजा. पहिल्या काही वेळा दुसरा माणूस उजव्या बाजूला उभा करावा. गाडी साइड स्टँडवरून सरळ करताना ती तोल जाऊन पडली तर उजवीकडेच पडते, कारण डावीकडे निदान साइड स्टँड तरी असतो. दांडा खाली दाबताना हाताच्या जोरापेक्षा अंगाचा भार द्यावा आणि एका दमात दाबावा. अर्ध्यावर थांबलात तर गाडी तिरपी बसते.

मागच्या ॲक्सलचा मोठा नट मात्र चाक जमिनीवर असतानाच सैल करून घ्यावा. गाडी उचलल्यावर पान्याला हिसका दिला की स्टँडवरची गाडी हलते. चेन साफ करताना चाक हातानेच फिरवावे, इंजिन बंद ठेवावे. गिअर टाकून चाक फिरते ठेवायचे आणि चेनला फडके लावायचे, ही पद्धत गॅरेजमध्ये सर्रास दिसते. त्यात फडके चेनबरोबर स्प्रॉकेटमध्ये, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रात, ओढले जाते आणि त्यामागून बोटे जातात.

परभणीचा बुलेटवाला

फिटर भाऊंशी सहमत आहे. फक्त शहाबादी फरशीबद्दल एक गोष्ट जोडतो. पॅडॉक स्टँडची चाके लहान असतात आणि फरश्यांच्या सांध्यात अडकतात. दांडा दाबताना एक चाक सांध्यात आणि दुसरे फरशीवर असले की स्टँड पिळला जातो. आपल्याकडच्या काळ्या मातीवर बसवलेल्या फरश्या पावसाळ्यात फुगून वर येतात आणि उन्हाळ्यात खचतात, त्यामुळे जूनमध्ये सपाट वाटलेली जागा दिवाळीला तशीच असेल असे धरून चालू नये. पाऊण इंची प्लायवूडचा पुरेसा लांब तुकडा खाली टाकावा आणि समोरचे चाकही त्याच फळीवर येईल असे पाहावे, म्हणजे गाडी पुढेमागे समपातळीत राहते.

वसमतकर

मला वाटते, प्रश्नातच एक गफलत आहे. गाडी तासाभरासाठी उचलून धरणे आणि चार महिने सांभाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. पॅडॉक स्टँड पहिल्यासाठी आहे. त्यावर गाडी ठेवून आपण पुण्याला निघून गेलात, तर घरात कोणी पोते ओढताना धक्का दिला किंवा शेळीने अंग घासले तरी ती पडण्याचा धोका असतो. आमच्या भागात तर जमीनही स्वस्थ बसत नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला होता, आणि जुलैत पुन्हा तसाच बसला. घरांचे फारसे काही बिघडले नाही, पण स्टँडवर तोलून ठेवलेल्या गाडीला तेवढे हादरेही जड जाऊ शकतात.

म्हणून मोठ्या मुक्कामासाठी साइड स्टँडच बरा. त्याखाली हातभर लोखंडी पत्रा किंवा जाड फळी ठेवावी म्हणजे पाय रुतणार नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, हँडल डावीकडे वळवून लॉक करावे आणि जागेला उतार असेल तर समोरचे चाक चढाच्या बाजूला ठेवावे. टायरात पूर्ण हवा भरावी आणि घरच्यांना महिन्यातून एकदा गाडी थोडी पुढेमागे करायला सांगावे, म्हणजे टायर एकाच जागी दबून बसणार नाही. सोयाबीनची पोती त्याच शेडमध्ये असतील तर गाडी त्यांच्यापासून लांब ठेवावी, कारण पोत्यांसाठी आलेले उंदीर वायरिंगही कुरतडतात.

उदगीरकर

पटले. एकच शंका उरली. शेडच्या कैचीला, म्हणजे छत पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्याला, पट्टे बांधून गाडी दोन्ही बाजूंनी वरून ताणून ठेवली, तर ती सरळ उभी राहणार नाही का? सरळ ठेवली की भिंतीलगत जागाही कमी लागेल.

वाळूजचा फिटर

पत्र्याच्या शेडची कैची पत्र्याचे वजन आणि वारा सोसण्यासाठी असते. दीडशे किलोहून जास्त वजनाची गाडी कलली तर तिचा बाजूचा ओढा येईल, त्यासाठी ती केलेली नसते. वरून ताण देऊच नका. सरळच उभी करायची असेल तर समोरच्या चाकासाठी अँगलचा चाप करून घ्या. चाकाच्या रुंदीपेक्षा बोटभर जास्त फट, दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या उंचीचे खांब, आणि हे सगळे कोब्यात पुरलेल्या बोल्टांना पक्के. त्यासाठी मुरमाच्या भागात तेवढ्यापुरता कोबा करून घ्यावा लागेल, शहाबादीला भोके पाडून भागणार नाही. मग हँडलखालच्या जाड भागापासून दोन पट्टे खाली, दोन्ही बाजूंना जमिनीतल्या कड्यांकडे तिरपे ओढावेत. समोरचे शॉकॲब्सॉर्बर थोडे दबतील एवढाच ताण द्यावा. पूर्ण दाबून महिनोन्महिने ठेवले तर ऑइल सील गळू लागण्याची भीती असते.

हा चाप मात्र आपल्या वेल्डिंगवाल्याकडूनच करून घ्या. चेसिसला हात न लावता त्यालाही काम मिळेल.