मदत हवी आहे : हायपरएक्प्लेक्सिया असलेलं बाळ सांभाळलंय का कोणी?

नमस्कार,

माझी मुलगी सात आठवड्यांची आहे. तिला हायपरएक्प्लेक्सिया, म्हणजे आवाजाने किंवा स्पर्शाने अति दचकून अंग ताठ होण्याचा आजार आहे, असं डॉक्टर म्हणतात. तान्ही बाळं दचकतातच. माझा मोठाही दचकायचा, पण हात फेकून लगेच सैल पडायचा. ही दचकली की मुठी आवळून लाकडासारखी ताठ होते. कुकरची शिट्टी, तोंडावरून फिरवलेलं ओलं फडकं, काहीही पुरतं. झोपेत मात्र अंग मऊ असतं.

आधी फिट समजून औषध दिलं गेलं. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल आला तरी तेच चालू राहिलं, याचा मला अजून राग आहे. मग दुसऱ्या डॉक्टरांनी तिच्या नाकाच्या शेंड्यावर बोटाने हलकेच टकटक केलं. दर वेळी मान मागे झटकली, आठव्यांदाही तितक्याच जोरात. इतर बाळं दोन-तीनदा दचकून सरावतात, ही सरावत नाही. मज्जारज्जूत ग्लायसिन नावाचं रसायन स्नायूंना आवर घालतं, तो आवरच हिच्यात कमी पडतो, असं त्यांनी समजावलं. जीएलआरए१ या जनुकाची तपासणी पाठवली आहे.

क्लोनाझेपाम या औषधाने दचकणं बरंच कमी झालंय. तरी परवा आंघोळीत ताठ झाली, श्वास अडकला, ओठ निळे पडले. डॉक्टरांनी दाखवलं होतं तसं डोकं आणि पाय एकदमच पोटाकडे दुमडले, तेव्हा सैल पडून रडली. व्हिजेव्हानो पद्धत म्हणतात हिला. अशा बाळाच्या घरातल्या प्रत्येकाने ती डॉक्टरांकडून शिकून घ्यावी, अगदी मालिशवाल्या मावशींनीसुद्धा.

आता सासूबाई सांगतात, सासरे तरुणपणी फटाका वाजला की हात पुढे न करता सरळ आडवे पडत, शुद्धीत असूनही. कपाळावर अजून खूण आहे. सगळे त्यांना भित्रा म्हणत. हा आजार काही वेळा आई-वडिलांपैकी एकाकडूनही येतो, म्हणून नवऱ्याची तपासणी करायची आहे. सासऱ्यांना कसं विचारावं, तेच सुचत नाही.

ज्यांनी असं मूल वाढवलंय त्यांना विचारते: आंघोळ कशी घालत होतात? लस टोचताना काय काळजी घेतलीत? औषधाच्या गुंगीत ही अर्ध्या दुधावरच झोपते, तुमचंही असं होत होतं का? ताठपणा वर्ष-दोन वर्षांत ओसरतो म्हणतात, तुमच्याकडे कधी ओसरला? रात्री मी आणि सासूबाई आळीपाळीने जागतो. श्वासावर लक्ष ठेवणारं मॉनिटर घरी कोणी वापरलंय का?