मदत हवी आहे: प्रोव्हान्समधलं आठ जणांचं चित्रकला-साहित्य-स्वयंपाक रिट्रीट. जावं का?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी वाईची. एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. महिनाअखेरीला आगाऊ रक्कम भरायची आहे आणि मन ठरत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दक्षिण फ्रान्समध्ये सँ-रेमी गावाबाहेर एका जुन्या शेतघरात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सात दिवसांचं रिट्रीट आहे. फक्त आठ जण. सकाळी विन्सेंट व्हॅन गॉग आणि सेझान हे चित्रकार जिथे बसून रंगवत त्या जागी जाऊन रेखाटन, दुपारी वाचन आणि चर्चा, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तिथला स्वयंपाक करायचा आणि एका टेबलाशी बसून जेवायचं. बोलणं इंग्रजीत. खर्च २,४०० युरो, विमानभाडं वेगळं. यात थोडी भर घातली तर टूरबरोबर सात देश होतात, असं मुलगी म्हणते आणि हिशेबाने ते खोटं नाही. आमच्या ह्यांना एवढा प्रवास झेपत नाही, पण "तू जाऊन ये" म्हणतात.

मला का जायचंय तेही सांगते. इंटरमिजिएटच्या मुलांना स्थिरचित्र शिकवताना मी सेझानचं सफरचंदं आणि संत्र्यांचं चित्र दाखवायचे. माझ्याकडे ते दोन पुस्तकांत होतं. एकात खालचं कापड निळसर पांढरं, दुसऱ्यात पिवळट. एका मुलीने विचारलं, "बाई, यातलं खरं कोणतं?" मला उत्तर देता आलं नाही. ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे, तरी तो प्रश्न माझ्याजवळच राहिलाय.

दुसरं कारण एक्स-आं-प्रोव्हान्स गावाजवळचा सेंत-व्हिक्त्वारचा डोंगर. तेलरंग आणि जलरंग मिळून सेझानने तो ऐंशीहून अधिक वेळा रंगवला. १९०६ च्या ऑक्टोबरात बाहेर चित्र काढत असताना वादळी पावसात सापडला आणि आठवडाभरात गेला. आमच्या गच्चीवरून पांडवगड दिसतो. मी तो पावसाळ्यात, उन्हाळ्यात, गवत पिवळं पडल्यावर, किती वेळा काढला असेल त्याची गणती नाही. एकच डोंगर माणूस पुन्हा पुन्हा का काढतो हे मला कळतं, आणि म्हणून त्याचा डोंगर बघायचाय. आपल्या जे. जे. त शिकलेले चित्रकार सय्यद हैदर रझा यांना १९४८ साली काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने सांगितलं होतं की तुमच्या चित्रांना बांधणी हवी, सेझान अभ्यासा. १९५० मध्ये रझा फ्रान्सला गेले. ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगत आले.

आता प्रश्न. मी शाकाहारी आहे, केकमधलं अंडं चालतं, पण मांस-मासे नाहीत. स्वयंपाकाच्या यादीत एका संध्याकाळी 'दोब' लिहिलंय, ते गोमांस निघालं. मी त्या दिवशी बाजूला बसले तर वाईट दिसेल का? फ्रेंच येत नाही, त्यामुळे किती अडेल? आणि मुख्य म्हणजे आर्ल, सँ-रेमी, एक्स या गावांत विन्सेंटची आणि सेझानची मूळ चित्रं बघायला मिळतील ना? कार्यक्रमात नुसतं "त्यांच्या पावलांवर" असं लिहिलंय. एका दुपारी सेझान आणि कादंबरीकार झोला या बालमित्रांची मैत्री झोलाच्या कादंबरीवरून कशी तुटली यावर वाचन आहे, एक दिवस लुर्मारँ गावी लेखक काम्यूच्या कबरीपाशी. गुडघा थोडा दुखतो, पण समतल रस्त्यावर मी तासभर चालते.

कुणी असं काही केलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

—

दक्षिणवारा

ताई, मी नऊ वर्षं मार्सेलमध्ये राहतो, घरी शाकाहारीच आहे. सगळ्यात आधी चित्रांचं, कारण तिथे तुमची निराशा व्हायला नको. विन्सेंटने आर्लमध्ये आणि नंतर सँ-रेमीच्या रुग्णालयात ढीगभर चित्रं काढली, पण ती जगभर गेली. सँ-रेमीत काढलेली 'तारांकित रात्र' न्यूयॉर्कला आहे. आर्लमधलं त्याचं पिवळं घर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात पडलं. २०१४ मध्ये तिथे त्याच्या नावाचं कलादालन सुरू झालं, पण ते मूळ चित्रं बाहेरून काही काळासाठी आणतं. एक्सच्या ग्राने संग्रहालयातही सेझान थोडाच आहे. इथे येऊन दिसतात ती झाडं, भिंती, उजेड आणि डोंगर. सँ-रेमीचं ते रुग्णालय आजही मनोरुग्णांसाठी चालू आहे. त्याच्या आवारातली ऑलिव्हची झाडं बघितली की चित्रातली वळणं कुठून आली ते समजतं.

मूळ चित्रांसाठी पॅरिसला दोन दिवस ठेवाच. ओर्से संग्रहालयात तुमचं तेच सफरचंद-संत्र्यांचं चित्र आहे. विन्सेंटने आर्लला काढलेली ऱ्होन नदीवरची रात्रही तिथेच आहे. ओर्से सोमवारी बंद असतं, गुरुवारी रात्री पावणेदहापर्यंत उघडं. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून एक्सला वेगवान गाडीने साधारण तीन तास लागतात, पण ते एक्सचं स्थानक गावाबाहेर बरंच लांब आहे. आयोजक न्यायला येणार का ते विचारून घ्या.

महिना चांगला निवडलाय. जून ते सप्टेंबर वणव्याच्या भीतीने डोंगरावर जाण्यावर निर्बंध असतात, ऑक्टोबरात ती कटकट नाही. गुडघ्यासाठी डोंगर चढायची गरजही नाही. एक्सच्या उत्तरेला लोव्हच्या चढावर सेझानची चित्रशाळा आहे. तिच्या पुढे थोडं वर चालून गेलं की तो जिथून रंगवायचा ती जागा येते, समोर अख्खा डोंगर. मिस्त्राल नावाचा वारा मात्र सुटला तर कागद हातात राहत नाही. विन्सेंट चित्राची घोडी जमिनीत खुंट्या ठोकून बांधायचा. चार चिमटे आणि कानटोपी आणा.

आता जेवण. नुसतं "शाकाहारी" म्हणून भागत नाही. इथे पुष्कळांना मासे त्यात बसतात असं वाटतं, आणि डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे तर जिन्नस म्हणून मोजतच नाहीत. म्हणून लिहून कळवा: मांस नाही, मासे नाहीत, मांसाचं पाणी नाही. फ्रेंचमध्ये, "नी व्यांद, नी प्वासों, नी बुयों द व्यांद." तापेनाद म्हणजे ऑलिव्हची चटणी, तिच्यात केपर या आंबट-खारट कळ्यांबरोबर अँकोव्ही हे खारवलेले मासे असतात, ते न घालता करता येते. पिसालादिएर या कांदा घातलेल्या भाजलेल्या पोळीवरही तेच मासे. पण रातातुई पूर्ण तुमचीच. वांगी, झुकिनी, ढोबळी मिरची वेगवेगळी तेलात परतून शेवटी टोमॅटोबरोबर एकत्र करायची. घाईने सगळं एकदम टाकलं की लगदा होतो. पिस्तूचं सूप म्हणजे घेवडा आणि भाज्यांच्या रश्शात वरून तुळशीच्या जातीच्या पानांचं, लसणाचं नि ऑलिव्ह तेलाचं वाटण. आणि पानिस! हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून थापायचं, गार झालं की कापून तळायचं. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला आईच्या पाटवड्या आठवल्या.

—

मोरपंखी

काकू, दोन वर्षांपूर्वी मी त्याच भागात अशाच एका रिट्रीटला गेले होते, नाव देत नाही. आठवडा सुंदर गेला, पण पैशाच्या दोन गोष्टींत फसले. जाहिरातीतला दर दोघांनी एक खोली घेतल्याचा होता, एकटीच्या खोलीचे वेगळे घेतले. आणि बाहेर असू त्या दिवशी दुपारचं जेवण ज्याचं त्याने. हे दोन्ही आधी लेखी विचारा. रद्द केलं तर किती परत मिळतात तेही.

दोबच्या दिवशी तुम्ही बाजूला बसलात तर कुणाला वाईट वाटणार नाही, पण माझं ऐकाल तर बसू नका. आमच्यात एक बाई मांस खात नव्हत्या. त्यांनी त्या संध्याकाळी स्वतंत्र शेगडीवर पानिस केलं आणि ते सगळ्यांच्या आधी संपलं.

झोला-सेझानबद्दल: १८८६ च्या कादंबरीनंतर बोलणं कायमचं बंद झालं असं सांगतात खरं, पण सेझानने झोलाला १८८७ मध्ये लिहिलेलं एक पत्र नंतर उजेडात आलं. म्हणजे त्या पुस्तकाने लगेच सगळं संपलं नव्हतं. आमच्याकडे यावर दोन तास चर्चा रंगली होती. तुम्ही हे तिथे मांडा. वाचनाचे उतारे आठ दिवस आधी मागवून घेतलेत तर इंग्रजीचं दडपण राहत नाही.

सात देशांच्या टूरमध्ये मी आईबरोबर गेले होते. ओर्सेसमोरून बस गेली, गाइडने उजवीकडे बघा म्हटलं, आणि आम्ही बघितलं.

—

कोरेपान

फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचं तेवढं सांगतो. शुल्क ९० युरो, शिवाय व्हिसा अर्ज-केंद्राचा सेवाखर्च. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. पुण्यात केंद्र आहे, मुंबईला जायला नको. आयोजकांकडून तुमचं नाव, तारखा आणि पत्ता असलेलं राहण्याचं पत्र घ्या, पॅरिसच्या दोन रात्रींचं आरक्षणही जोडा. निवृत्तीवेतनाचे कागद आणि बँकेचे उतारे तयार ठेवा. विमानाचं तिकीट परतावा मिळेल असंच काढा. आणि भेट म्हणून कंदी पेढे नेऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे आणू देत नाहीत. तूपसुद्धा नको.

—

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. पेढ्यांचं खरंच ठरवलं होतं! आता शेंगदाण्याची चिक्की नेते.

काल आयोजकांना लिहिलं. एकटीच्या खोलीचे ३५० युरो जास्त आहेत, जेवणात मात्र सगळं धरलंय. मांसाच्या पाण्याचं स्पष्ट लिहिलं, तर बाईंचं उत्तर आलं की पिस्तूचं सूप त्या नुसत्या भाज्यांवरच करतात, आणि दोबच्या संध्याकाळी दुसरी शेगडी माझी. त्या दिवशी पानिसबरोबर पाटवड्याही करीन म्हणते. हरभऱ्याचं पीठ तिथे आहेच, गोडा मसाला मी नेईन.

मुलीला चित्राचं सांगितलं. तिने पॅरिसच्या दोन रात्री स्वतः शोधून दिल्या, आणि त्यातली एक गुरुवारची आहे. त्या जुन्या विद्यार्थिनीचा नंबर मिळवलाय. दोन्ही पुस्तकांतली पानं बरोबर नेऊन चित्रासमोर धरणार आहे, आणि उत्तर तिला तिथूनच फोन करून सांगणार आहे. संग्रहालयात अशी छापील पानं आत नेऊ देतात का, एवढं कुणी सांगू शकेल का?

—

दक्षिणवारा

सुटी पानं वहीत ठेवून न्या, ताई. मोठ्या पिशव्या सामानघरात ठेवाव्या लागू शकतात. पेन्सिल जवळ असू द्या, शाईचं पेन नको.