सेतू केंद्रातला विंडोज १० चा पीसी बदलू की चालवू?

मांजराकाठ: नमस्कार. अहमदपूर तालुक्यात माझं छोटं ई-सेवा केंद्र आहे. पीसी आय-थ्री, सहाव्या पिढीचा. ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ह्या प्रोसेसरवर बसेना. दुकानदार म्हणतो, "क्रॅक मारून (विनापरवाना विंडोज बसवून) देतो, अँटिव्हायरस तेवढा बंद ठेवा." माझं मन धजत नाही. पीकविमा, उत्पन्नाचे दाखले, केवायसी, अर्ध्या गावाची कागदं ह्याच डब्यातून जातात. बजेट १०-१२ हजार.

जालनारोड: ताई, क्रॅक अजिबात नको. अँटिव्हायरस बंद करून आत काय बसलं, ते त्या दुकानदारालाही सांगता येणार नाही. ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. पण विंडोज १० ला सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात. आवृत्ती २२एच२ असेल तर विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणी दिसते. मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे लागत नाहीत. तेवढ्यात पुढच्या मशीनसाठी पैसे साठवा.

गोदाकाठ_नांदेड: विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका की, फुकट आहे आणि जुन्या मशीनवर हलकं चालतं.

जालनारोड: घरी चालेल, केंद्रात अडेल. अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस (आधारसाठी ठसा घेणारं सॉफ्टवेअर) बहुतेक विंडोज नाहीतर अँड्रॉइडवरच चालते.

परभणीकर: आधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) टाका, रांगेतल्या माणसालाही फरक कळेल. उद्या पीसी बदलला तरी ती काढून नेता येते. रॅम घेताना डीडीआर३ आहे का डीडीआर४ ते बोर्डावर बघा, सहाव्या पिढीत दोन्ही येतात. एआयच्या डेटा सेंटरपायी रॅमचे भाव चढलेत, म्हणून ८ जीबीवर थांबा. आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही. यूपीएसची बॅटरी तपासा, अर्थिंग नीट करून घ्या.

आणि ताई, डाउनलोड फोल्डर रोज संध्याकाळी रिकामं करता का? ब्राउझरात पासवर्ड सेव्ह आहेत का? व्हॉट्सॲप वेब रात्री उघडंच राहतं का?

मांजराकाठ: तिन्हीला उत्तर नको तेच आहे. काल रात्री डाउनलोड उघडलं. चार वर्षांमागं वारलेल्या आमच्या शेजारच्या आजोबांचं आधार अजून तिथंच होतं. रात्री एकपर्यंत बसून सगळं काढलं. नोंदणीही झाली. एसएसडी टाकल्यावर जुनी डिस्क भंगारवाल्याला दिली तर चालेल?

परभणीकर: नका देऊ. पुसलेल्या फायली परत काढता येतात. उघडून आतल्या तबकड्यांना ड्रिलनं भोकं पाडा, मग द्या.