मदत हवी आहे: अमेरिकेहून आलेल्या एचडी डीव्हीडी पुण्यात कशा चालवायच्या?

नमस्कार मंडळी,

माझे मामा बरीच वर्षं न्यू जर्सीत होते, आता कायमचे पुण्यात आलेत. सामानातून सिनेमांच्या पन्नासेक डिस्क निघाल्या. सगळ्या लाल डब्यांत, वर 'एचडी डीव्हीडी' छापलेलं. सोबत तोशिबाचा एचडी-ए२ प्लेअर आहे, तो अजून खोक्यातच आहे.

माझ्या ब्लू-रे प्लेअरमध्ये डिस्क घातली की थोडा वेळ फिरते आणि 'डिस्क वाचता येत नाही' असं येतं. आकार तोच, लेझर दोन्हीकडे निळा, चित्रही दोन्हीकडे १०८०चं, मग घोडं अडतंय कुठे? कुणी म्हणतं फर्मवेअर (प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, कुणी म्हणतं रीजनचा घोळ आहे, म्हणजे डिस्क ठरावीक देशांतल्या प्लेअरवरच चालावी म्हणून घातलेलं कुलूप. दुकानदार म्हणाला, "भंगारात द्या." हे मामांना सांगायची माझी छाती नाही. तो प्लेअर इथे सरळ प्लगला लावला तर चालेल का?

प्रतिसाद १:

प्लगला अजिबात लावू नका! प्लेअरच्या पाठीवर १२० व्होल्ट लिहिलेलं असणार. आपल्या २३० वर पहिल्याच मिनिटात धूर निघेल. तापकीर गल्लीत स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो. पाठीवर किती वॅट लिहिलेत ते बघा आणि साधारण दुप्पट क्षमतेचा घ्या.

प्रतिसाद २:

फर्मवेअरचा काही संबंध नाही आणि रीजनचाही नाही. एचडी डीव्हीडीला रीजन कोड नव्हताच, त्यामुळे अमेरिकेची डिस्क म्हणून काही अडत नाही.

खरी अडचण डिस्कच्या पोटात आहे. लेझर दोन्हीकडे ४०५ नॅनोमीटरचाच, पण एचडी डीव्हीडीत माहितीचा थर साध्या डीव्हीडीसारखा ०.६ मिमी आत असतो आणि ब्लू-रेमध्ये पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिमीवर. भिंगंही वेगळी. तुमचा प्लेअर साधी डीव्हीडी वाचतो ती लाल लेझरने. निळा लेझर ०.६ मिमीवर नेमका टेकवायची सोय त्यात केलेलीच नाही. थर इतका वर आणल्यामुळे ब्लू-रेत एका थरात २५ जीबी मावतात, एचडी डीव्हीडीत १५. एचडी डीव्हीडी ही ब्लू-रेची प्रतिस्पर्धी, तोशिबाने पुढे आणलेली. तोशिबाचं म्हणणं असं, की आमची डिस्क डीव्हीडीच्याच कारखान्यात थोड्या बदलाने बनते, म्हणून स्वस्त. मला विचाराल तर मुद्दा बिनतोड होता. पण ब्लू-रेवाल्या सोनीने आपल्या प्लेस्टेशन ३ या गेम खेळायच्या यंत्रातच ब्लू-रे बसवून तो घरोघरी पोचवला. ४ जानेवारी २००८ ला हॉलिवुडच्या वॉर्नर स्टुडिओने 'यापुढे फक्त ब्लू-रे' असं जाहीर केलं आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी सोडून हात टेकले. पुढच्याच वर्षी ब्लू-रेच्या गोटात गेले तेही!

आपल्याकडे तेव्हा मोझर बेअरच्या २८ रुपयांच्या व्हीसीडीवर लोक खूश होते, त्यामुळे इथल्या दुकानदाराला हे माहीत नसलं तर नवल नाही.

आता कामाचं. मामांचा प्लेअर हाच सगळ्यात सरळ मार्ग. ट्रान्सफॉर्मर लावा, एचडीएमआयने टीव्हीला जोडा. ए२ हा १०८०आय पर्यंतच देतो (म्हणजे चित्राच्या ओळी एकाआड एक पाठवतो), त्या जुळवून पूर्ण चित्र करायचं काम टीव्ही सांभाळून घेईल. आणि वॉर्नरच्या डिस्क आधी लावून बघा. त्या वाचता येईनाशा झाल्याच्या तक्रारी संग्राहकांकडून बऱ्याच येतात. वरून स्वच्छ दिसते, ओरखडा नसतो, तरी मध्येच अडकते. पुसून उपयोग नाही. युनिव्हर्सल आणि पॅरामाउंटच्या सहसा टिकतात.

धागाकर्ता:

मनापासून आभार. ट्रान्सफॉर्मर आणला, प्लेअर सुरू झाला, मामा खूश. वॉर्नरच्या काही डिस्क खरंच अडकतात. समजा उद्या प्लेअरच बंद पडला तर पुढे काय?

प्रतिसाद ३:

आपल्या एक्सबॉक्स ३६० या गेम खेळायच्या यंत्रासाठी मायक्रोसॉफ्टने वेगळा एचडी डीव्हीडी ड्राइव्ह काढला होता. तो यूएसबीने संगणकालाही जोडता येतो. जुन्या बाजारात दिसला तर घेऊन ठेवा. एलजीचे दोन्ही प्रकार वाचणारे ड्राइव्हही होते. मात्र संगणकावर डिस्क चालवणाऱ्या पॉवरडीव्हीडी या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांतून एचडी डीव्हीडी काढून टाकलीय, जुनी आवृत्ती शोधावी लागेल.

शिवाय डब्यावर 'कॉम्बो' लिहिलंय का ते बघा. त्यांच्या एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला साधी डीव्हीडी असते.

धागाकर्ता:

कॉम्बो बऱ्याच निघाल्या! पण उलटी बाजू ब्लू-रे प्लेअरमध्ये घातली तर आता तो 'चुकीचा रीजन' म्हणतोय.

प्रतिसाद २:

हां, इथे मात्र रीजन आडवा येतो. साध्या डीव्हीडीच्या बाजूला अमेरिकेचा रीजन १ असतो, आपला ५. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा रीजन बदलता येतो, पण फक्त पाच वेळा, नंतर तो कायमचा गोठतो. एखादा जुना ड्राइव्ह १ वर नेऊन या कामासाठीच बाजूला ठेवा, रोजच्या लॅपटॉपला हात लावू नका.